डबेवाली जावा

मे महिना लागला की पहिल्या आठवड्यातल्या एखाद्या सकाळी तांबे गुरुजी आपली जावा मोटरसायकल घेऊन पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर येत. चहाच्या टपरीपाशी गाडी उभी करत, पण हातमोजे काढत नसत. टपरीवाला काशीराम कपबशी पुढं करी आणि विचारी, "गुरुजी, अवंदा कुटं?"

गुरुजी कधी म्हणत, "हैदराबादच्या बाजूला," कधी म्हणत, "नर्मदा ओलांडून बघतो." काशीराम मान डोलावी आणि मग त्याचा दुसरा प्रश्न ठरलेला असे. "पन कशाला?"

गुरुजी हसत, बशीतला चहा संपवत आणि निघून जात. पंधरा-वीस दिवसांनी परत येत तेव्हा तोंड रापून काळंठिक्कर पडलेलं असे आणि गाडीचा रंग मातीखाली ओळखू येत नसे. त्या भागात त्यांचे नातेवाईक नव्हते, नवस नव्हता, कसला धंदाही नव्हता. माणूस विनाकारण हजार मैल जाऊन येतो यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी कारणं शोधून काढली होती. कोणी म्हणे गुरुजी जमिनीत पाणी बघायला जातात, कोणी म्हणे कर्नाटकात त्यांचं दुसरं बिऱ्हाड आहे. हे दुसरं कारण गीताबाईंच्या, म्हणजे गुरुजींच्या बायकोच्याही कानावर आलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "आसंल तर बरंच हाय. निदान तितं जेवत तरी आसतील."

सहदेव गोमाजी तांबे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक. घर पोलादपूरच्या बौद्धवाडीत. नोकरीची पहिली काही वर्षं सावित्रीच्या काठच्या गावांत गेली आणि अडुसष्ट साली त्यांची बदली कुडपणला झाली. कुडपण वर पठारावर, आणि तेव्हा तिथं जायचं म्हणजे पायांशिवाय दुसरं वाहन नव्हतं. सोमवारी पहाटे निघायचं, घाम पुसत चढायचं, शनिवारी शाळा सुटली की उतरायचं. याला दुसरा कोणी कंटाळला असता. सहदेव मात्र त्या चढणीतच कुठंतरी बिघडला. पठारावर पोचलं की पलीकडं डोंगरांच्या रांगा दिसत, एकामागं एक, फिकट होत गेलेल्या. त्या रांगांच्या पलीकडं काय असेल, हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना. नकाशात काय आहे ते त्याला तोंडपाठ होतं, मुलांना तोच शिकवत होता. पण नकाशात रस्त्याचा वास येत नाही.

जावा आली बहात्तर साली. महाडला चवदार तळ्याच्या रस्त्यावर यज्ञेश्वर दातार म्हणून एक गृहस्थ पाण्याची इंजिनं दुरुस्त करत. तरुणपणी ते या जावावर कन्याकुमारीपर्यंत जाऊन आले होते. आता गुडघ्यांनी दावा मांडला होता. शाळेचा पंप दुरुस्तीला आणणारा हा मास्तर पंपापेक्षा कोपऱ्यातल्या मोटरसायकलकडंच जास्त बघतो हे त्यांनी दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा किल्ली त्याच्या हातात दिली.

"चालवता येते का?"

"नाही."

"मग शिकून घे आणि घेऊन जा. इथं ठेवली तर गंजेल. आणि एक लक्षात ठेव, घाटात गाडी आवाज बदलते. तो ऐकायचा. आपलं घोडं दामटायचं नाही."

सहदेव महिनाभर महाडच्या मैदानावर पडत, खरचटत गाडी शिकला. नंतर तिच्यात त्यानं जे बदल केले ते बघून दातारांनी कपाळाला हात लावला. कच्च्या रस्त्यावर दगड लागायचे म्हणून दोन्ही सायलेन्सर लोहाराकडून वळवून वर उचलून घेतले. इंजिनाच्या पोटाखाली डांबराच्या पिंपाचा पत्रा ठोकून बसवला. चिखल अडकू नये म्हणून पुढचा मडगार्ड चार बोटं वर घेतला, हँडल रुंद करून घेतलं. आणि मागं दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांत गोडेतेलाचा एकेक चौकोनी डबा बसवला, झाकणासकट. एका डब्यात कपडे आणि स्टोव्ह, दुसऱ्यात पाने, साखळीच्या कड्या, प्लग, दोन ट्यूब आणि पंक्चरचं सामान. वाडीतली मुलं गाडीला 'डबेवाली' म्हणू लागली आणि तेच नाव पडलं.

असल्या प्रवासासाठी म्हणून वेगळी गाडी असते हे सहदेवला ठाऊक नव्हतं. एकेका प्रवासात जे अडलं, ते तो परत आल्यावर बदलत गेला, इतकंच. चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत त्यानं ती कुडपणच्या वाटेवरही घातली. अर्ध्यापर्यंत ती चढली. पुढं दगडांच्या पायऱ्याच होत्या. तिथं गावचे सहाजण बांबू घेऊन आले आणि गाडी वर नेली. पठारावर ती सुरू झाली तेव्हा गुरं दावी तोडून पळाली, आणि दोन दिवस सहदेवला ती गुरं शोधत फिरावं लागलं.

आई चंपाबाई त्याच्या या नादाकडं चकित होऊन बघे. आंबेनळी घाटात रस्त्याच्या कामावर तिची उमेदीची वर्षं गेली होती. ती म्हणे, "सहदेवा, रस्ता म्हंजे आमी फोडलेली खडी रे. त्यात बगायचं काय?"

असं अकरा वर्षं चाललं. गुरुजी विजापूर, वरंगळ, भेडाघाट, कच्छ असे फिरून आले. जाताना गीताबाई तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून देत, आल्यावर पाणी तापवून देत. काय पाहिलं ते गुरुजी दोन दिवस सांगत, आणि मग शाळा सुरू होई.

पुढं त्यांची बदली खाली पोलादपूरजवळच्या शाळेत झाली. त्र्याऐंशीच्या डिसेंबरात एक दिवस शाळेतून परतताना त्यांना नाक्यावर गर्दी दिसली. गर्दीच्या मधोमध एक मोटरसायकल स्टँडवर उभी होती आणि तिच्याशेजारी उंच, उन्हानं लाल झालेली एक परदेशी बाई मागचं चाक काढून रस्त्यावर बसली होती. ट्यूबमध्ये बोटभर चीर पडली होती आणि चिकटवायचं सोल्यूशन वाळून गेलं होतं. सायकलच्या दुकानात विचारायला कोणीतरी धावलं होतं. गुरुजी डबेवाली रस्त्याकडेला लावून गर्दीतून पुढं झाले, त्यांनी ट्यूब हातात घेतली, डब्यातून आपलं सामान काढलं आणि खाली मांडी घातली.

पॅच बसून वाळेपर्यंत त्यांची नजर त्या गाडीवरून फिरत राहिली. इंजिनाचे दोन सिलिंडर दोन बाजूंना हातांसारखे बाहेर आलेले. सायलेन्सर वर उचललेला. पुढचा मडगार्ड चाकापासून चांगला वर. रुंद हँडल, मोठी टाकी, पोटाखाली जाड पत्रा, आणि मागं दोन्ही बाजूंना पत्र्याच्या दोन चौकोनी पेट्या.

त्यांनी मान वळवून रस्त्याकडेच्या आपल्या डबेवालीकडं पाहिलं. बाईनंही त्यांच्या नजरेमागोमाग तिकडं पाहिलं. मग ती उठली, जावाभोवती एक फेरी मारली, वाकून पिंपाचा पत्रा बघितला, तेलाचा डबा बोटानं वाजवला आणि गर्दीला दचकवील इतक्या मोठ्यानं हसली. चेष्टेचं हसणं नव्हतं ते. अनोळखी गावात आपलं आडनाव ऐकू आल्यावर माणूस हसतो, तसं होतं.

तिचं नाव रेनाटा. जर्मनीतून तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान करत ती इथवर आली होती आणि गोव्याला निघाली होती. गुरुजींचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं, तिचंही फार पुढचं नव्हतं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. तुम्ही कुठं कुठं गेलात, असं तिनं विचारलं. त्यांनी गावं सांगितली. काशीरामचा दुसरा प्रश्न आता येणार म्हणून ते वाट बघत राहिले. पण तिनं विचारलं, "कच्छमध्ये साखळीत वाळू जाते, तिचं काय करता?"

गुरुजींनी डब्यातून साखळीची एक सुटी कडी काढली आणि साखळी रॉकेलमध्ये बुडवून कशी धुवायची ते तिला हातानं करून दाखवलं.

चाक बसवून झाल्यावर तिनं त्यांना आपली गाडी चालवायला दिली. आंबेनळीच्या रस्त्यानं ते चार-पाच वळणं वर गेले. खड्ड्यात चाक गेलं तरी धक्का हातापर्यंत येत नव्हता. चढावर गाडी धापा टाकत नव्हती. अकरा वर्षं आपण लोहाराच्या भात्यापाशी बसून ठोकून, वाकवून, चाचपडत जे शोधत होतो ते जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी नीट विचार करून बनवलं आहे, हे त्यांना त्या वळणांवर कळलं. वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात पाठीवर कोणी हात ठेवावा तसं वाटलं. गाडी परत देताना त्यांनी टाकीवरची धूळ रुमालानं पुसली.

अंधार पडायला आला होता, म्हणून त्यांनी तिला घरी मुक्कामाला नेलं. गीताबाईंनी भात आणि माशांचं कालवण वाढलं. रेनाटा पाटावर अवघडून बसली होती, पण जेवली पोटभर. जेवता जेवता तिनं गीताबाईंकडं बघून काही विचारलं आणि उत्तरासाठी थांबली. गुरुजींनी तोंडातला घास गिळला, पण भाषांतर करेनात.

"काय म्हनते ती?" गीताबाईंनी विचारलं.

"काय नाय. असंच."

"सांगा की. मलाच ईचारतेय ना?"

गुरुजी ताटाकडं बघत म्हणाले, "ती विचारतेय, तू माझ्याबरोबर गाडीवर कुठं कुठं जाऊन आलीस."

गीताबाईंनी वाढायचा हात थांबवला नाही. "सांगा तिला. पोलादपूर ते महाड. सरकारी दवाखाना. दोन येळा. एकदा थोरलीच्या येळंला नि एकदा धाकटीच्या."

गुरुजींनी ते इंग्रजीत सांगितलं. सांगताना त्यातला शब्द न् शब्द त्यांना स्वतःला ऐकू आला. सकाळी रेनाटा गेली, आणि पुढं तिचं पत्रबित्र काही आलं नाही. पण हे वाक्य घरात राहिलं.

चौऱ्याऐंशीच्या मेमध्ये गुरुजींनी मागच्या सीटवर काथ्याची गादी शिवून बसवली. थोरली नि धाकटी, दोघी मुली आजीपाशी राहिल्या. चंपाबाईनं सुनेला एवढंच म्हटलं, "पदर नीट खोच गो. चाकात जाईल." कुठं जायचं ते गुरुजींनी ठरवलं नव्हतं. ते म्हणाले, "फाटा आला की तू सांग. डावीकडं म्हणशील तर डावीकडं."

गीताबाईंना आधी ही थट्टा वाटली. महाबळेश्वर उतरून वाईच्या पुढं पहिला मोठा फाटा आला तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार करून गुरुजींच्या उजव्या खांद्यावर थाप मारली. नंतर मात्र त्या पटापट ठरवू लागल्या. झाडं दिसतील तो रस्ता, नाहीतर बाया डोक्यावर काही घेऊन चालल्या असतील तो. गुरुजी एकटे असते तर या रस्त्यांना कधीच गेले नसते. ते नेहमी आधी वहीत रस्ता लिहून निघत. आता तिसऱ्या दिवशी ते जतच्या पुढं कुठंतरी होते आणि नेमके कुठं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

तिथं संध्याकाळी साखळीची कडी तुटली. गाव समोर दिसत होतं. गुरुजी गाडी ढकलत गावात आले आणि सवयीनं त्यांनी आधी शाळा शोधली. अकरा वर्षं ते शाळेच्या व्हरांड्यातच झोपत आले होते. गावच्या मास्तरला भेटायचं, मीही मास्तर म्हणायचं, की पुढचं कोणी काही विचारत नसे. पण या शाळेभोवती कुंपण होतं, फाटकाला कुलूप होतं आणि मास्तर सुट्टीत आपल्या गावी गेला होता.

गुरुजी परत येईपर्यंत गीताबाई हातपंपावर पाणी भरणाऱ्या एका बाईशी बोलत उभ्या होत्या. सुंदराबाई तिचं नाव. "रस्त्यावर कुठं झोपतासा? घरी चला," असं म्हणून तिनं गीताबाईंच्या हातातला तांब्या घेतलाही होता. दोघं तिच्यामागून गेली. अंगणात बाजेवर तिचा सासरा बिडी ओढत बसला होता. त्यानं गाडीकडं, डब्यांकडं, मग पाहुण्यांकडं पाहिलं.

"कुठनं आलासा?"

"कुलाबा जिल्ह्यातून. आता रायगड म्हणतात," गुरुजी म्हणाले. "मी शिक्षक आहे."

"ते झालं. पाव्हणं कोण म्हणायचं?"

"शिक्षक. जिल्हा परिषदेचा."

म्हाताऱ्यानं बिडीची राख झटकली. त्याला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं, आणि गुरुजींनाही ते माहीत होतं. तेवढ्यात गीताबाई म्हणाल्या, "आमी बौद्ध हाव, बाबा. पोलादपूरचं."

सुंदराबाई हंडा कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली. गुरुजी गाडीच्या हँडलवर हात ठेवून होते. आता निघावं लागणार, तुटक्या साखळीची गाडी ढकलत पुढचं गाव गाठावं लागणार, असा हिशेब त्यांच्या मनात सुरूही झाला.

"बरं केलंसा सांगितलं," अखेर म्हातारा म्हणाला. त्यानं ओसरीकडं पाहिलं, मग गोठ्यापुढच्या छपराकडं पाहिलं आणि सुनेला म्हणाला, "छपरात घोंगडं टाक."

ओसरी नव्हे, छप्पर. पण घोंगडं नवं होतं. सुंदराबाईनं बाजरीची भाकरी, पिठलं आणि कांदा आणून दिला. जेवण झाल्यावर गीताबाई आपली ताटं घेऊन राखेकडं निघाल्या, तेव्हा सुंदराबाईनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "ऱ्हावू द्या. मी घासते." सासऱ्यानं ते पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली.

सकाळी कडी बसवून दोघं निघाली. दोन्ही बाजूंना माळ, मध्ये पांढरट रस्ता. गाव मागं पडल्यावर गुरुजींनी मागं मान न वळवता विचारलं, "भीती नाय वाटली तुला?"

"कसली?"

"हाकलून दिलं असतं तर?"

"दिलं आस्तं तर गेलो आस्तो. गाडी हाय ना आपल्याकडं." मग थोड्या वेळानं गीताबाई म्हणाल्या, "तुमी अकरा वर्सं हितनं तितं फिरलाव नि त्यो एक प्रश्न येऊ नये म्हनून शाळेत झोपलाव. मंग मानसं बगितलीत कुटं?"

गुरुजींनी वेग कमी केला. थांबावं असं त्यांना वाटलं, पण थांबून करणार काय, म्हणून ते हळूहळू चालवत राहिले. आपण धीट आहोत अशी त्यांची स्वतःबद्दल समजूत होती. रात्रीच्या पावसात घाट उतरलो, कच्छच्या रणात एकटे अडकलो, नदीच्या पाण्यातून गाडी काढली, हे सगळं खरं होतं. पण या सगळ्या वर्षांत प्रत्येक गावाच्या वेशीवर त्यांनी नाव आणि पेशा पुढं करून बाकीचं डब्यात बंद ठेवलं होतं. कोणी अपमान केला नव्हता, कारण तशी संधीच त्यांनी कोणाला दिली नव्हती. त्यामुळं सुंदराबाईही त्यांना कधी भेटली नव्हती.

त्यानंतर दरवर्षी दोघं जात. शाळेचा व्हरांडा गुरुजींनी सोडला. गीताबाई दारात उभं राहून सगळं सरळ सांगत आणि मागाहून गुरुजीही सांगू लागले. पहिल्यांदा सांगताना त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. सगळीकडं घोंगडं मिळालं असं नाही. एका गावात दार तोंडावर लागलं, आणखी एका ठिकाणी 'वाडी त्या बाजूला' असं बोटानं दाखवलं गेलं. त्या वाडीत मग रात्रभर अशा गप्पा रंगल्या की सकाळी निघवेना. एका गावाबाहेर लिंबाखाली झोपावं लागलं तेव्हा गुरुजी फार चिडले होते आणि चहासाठी आणलेलं दूध चमच्यानं ढवळत बसले होते. गीताबाई स्टोव्हवर चहा ठेवत म्हणाल्या, "चिडा. पन दूध कितीदा हलवताव?"

कच्च्या रस्त्यांसाठी नव्या गाड्या येतील असं सत्त्याऐंशीच्या सुमाराला पेपरात येऊ लागलं. महाडला दातारांनी मुद्दाम बोलावून चित्र दाखवलं. गुरुजींनी ते चष्मा लावून बघितलं, सायलेन्सर कुठून नेला आहे, खालचा पत्रा कसा आहे ते निरखलं. "चांगली आहे," ते म्हणाले, आणि खरोखरच त्यांना ती आवडली होती. दातारांनी विचारलं, "मग घेणार का?" गुरुजी म्हणाले, "मागच्या सीटला विचारून सांगतो." दातार हसले, पण गुरुजींनी चित्र घरी नेऊन खरंच विचारलं. गीताबाई म्हणाल्या की या गाडीवर बसायची जागा निमुळती दिसते आणि डबे कुठं लावणार. विषय तिथंच राहिला.

त्याच वर्षी मेमध्ये ती दोघं सोलापूरच्या पलीकडं एका कोरड्या तलावापाशी थांबली होती. तलावाचा तळ तडे गेलेला, मैलभर सपाट. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. गीताबाई बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि गाडीशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "ह्ये कसं चालू करतात?"

गुरुजींनी विचारलं नाही की कशाला. जावाचा गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच असतो, तो आत दाबून मागं वळवायचा, हे त्यांनी दाखवलं. गीताबाईंनी पदर कमरेला घट्ट खोचला. चौथ्या किकला इंजिन लागलं. पहिला गिअर गुरुजींनीच टाकून दिला, क्लच हळू सोडायचा एवढंच सांगितलं आणि सीटला हात लावून ते बाजूनं चालू लागले. मग धावू लागले. मग त्यांना धाप लागली आणि त्यांनी हात सोडला.

पहिल्या गिअरमध्ये गाडी गुरगुरत पुढं गेली. गीताबाई ताठ बसल्या होत्या, दोन्ही कोपरं बाहेर काढून. वळवायचं कसं ते गुरुजींनी सांगितलंच नव्हतं, त्यामुळं त्या सरळच गेल्या, लहान लहान होत. खूप पुढं जाऊन आवाज बंद झाला. गाडी पडली नव्हती. त्यांनी दोन्ही पाय टेकले होते आणि त्या मागं वळून बघत होत्या.

"बंद पडली," त्यांनी लांबून ओरडून सांगितलं.

"परत मार किक," गुरुजीही ओरडले, आणि तिथंच मातीत बसले.